मुगाएवढा उजेड

कारखान्यात तिला सगळे जपूनताई म्हणत. हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं.

एक्स-रेच्या फिल्मा कापून पाकिटात भरायच्या त्या खात्यात संपूर्ण काळोख असे. लाल दिवासुद्धा चालत नसे. डोळे फाडून पाहिलं तरी स्वतःचा हात दिसायचा नाही, आणि अशात आठ-दहा माणसं धारदार कडांचे गठ्ठे घेऊन इकडून तिकडे चालत असत. टक्कर होऊ नये म्हणून एकच नियम होता: चालताना आवाज करायचा. कुठला करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. एक जण खोटं खोटं खोकायचा, तो खोकलेभाऊ. एक बाई शीळ घालायची, तीही कुठल्या गाण्याची नव्हे, नुसती किटली उकळल्यासारखी. ती शिट्टी. मुकादम चाव्या वाजवत फिरायचे. आणि ही कामाला लागली तेव्हा इतकी भेदरली होती की पावलागणिक "जपून हं, जपून" म्हणत चालायची. पुढे भीती गेली, शब्द राहिले.

बाहेरच्यांना वाटतं, अंधारात माणसं गप्प होत असतील. खरं तर उलट होतं. तोंडच दिसत नाही म्हटल्यावर लाजायचं कुणाला? नवऱ्याच्या घोरण्यापासून सुरुवात व्हायची आणि गोष्टी कुठल्या कुठे जायच्या. आपला मुलगा आपल्याशी बोलत नाही, हे खोकलेभाऊंनी घरातसुद्धा कबूल केलं नव्हतं, ते इथे केलं. शिट्टी एकदा दुपारभर रडत होती आणि रडता रडता फिल्मा मोजत होती. मोजणी चुकली नाही. या सगळ्यात जपूनताईची जीभ सर्वांत तिखट. ती बोलायला लागली की मुकादमांच्या चाव्यासुद्धा थांबायच्या.

जेवणाची सुट्टी झाली की हीच माणसं काळा पडदा सारून बाहेर यायची, उजेडाला डोळे मिचकावायची, आणि एखाद्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसल्यासारखी डबे उघडून खाली माना घालायची. "मीठ आहे का?" "आहे." संपलं. त्यात जपूनताई सर्वांत मुकी. उजेडात आपले हात कुठे ठेवावेत हेच तिला कळत नसे. कुणी तोंडाकडे बघून बोलायला लागलं की तिच्या मनातलं वाक्य अर्ध्यावर मोडायचं.

घरी बोलायला कोणीच नव्हतं. लग्न झालं नाही, म्हणजे केलं नाही असं कुणी म्हणायचं, जमलं नाही असं कुणी. आई होती तोवर एक खोली भरलेली वाटायची. आई गेल्यावर तीच खोली, तेच दोन खुर्च्यांचं टेबल, आणि एका खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. दूरच्या शहरात भाऊ होता. रविवारी त्याचा फोन यायचा. तब्येत, हवा, वहिनीचा निरोप, आणि मग तो विचारायचा, "बाकी?"

"बाकी काही नाही," ती म्हणायची. फोन ठेवला की सोमवारपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

पायांचं केव्हा सुरू झालं ते तिला सांगता येत नव्हतं. एकदा जिना चढून वर आली तर एका पायात चप्पल नव्हती. ती खाली पहिल्या पायरीवरच राहून गेली होती आणि पायाने काही कळवलं नव्हतं. तिला हसू आलं. मग हळूहळू पायाखाली कुणी तरी कापसाची गादी अंथरल्यासारखं झालं. फरशी गार आहे की ऊन, ओली आहे की कोरडी, कशाचा पत्ता नाही. मग एका सकाळी न्हाणीघरात उभी राहून तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि पुढच्या क्षणी भिंत येऊन कपाळावर आदळली. म्हणजे आदळली तीच, पण तिला वाटलं भिंत आली.

अंधारखात्यात ही गोष्ट लपून राहणं कठीण होतं. दारापासून आपल्या जागेपर्यंत ती टेबलांच्या कडा धरत येई आणि कमरेने टेबलाला टेकून उभी राही, तिथे काही अडचण नव्हती. पण गठ्ठा मोजून झाला की तो पाकिटात जायच्या आधी तसाच उघडा दोन्ही हातांत धरून मागे वळायचं, चार पावलं चालायचं आणि फळीवर ठेवायचा. त्या चार पावलांत धरायला काही नव्हतं. ती झोकांड्या खाऊ लागली. एकदा खोकलेभाऊंना धडकली, एकदा शिट्टीच्या पाठीवरच जाऊन पडली.

"जपूनताई, तुम्हीच जपून चाला की हो!"

"मेणाने पुसलीय फरशी कुणी तरी," ती म्हणाली. फरशीवर ढकललं आणि मोकळी झाली.

पण लोक काय कमी असतात? एके दिवशी अंधारातून एक आवाज आला, "सकाळी सकाळी थोडीशी घेऊन येतात वाटतं."

"घेतली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत उतरली तरी असती."

सगळे खो खो हसले. तीही हसली. हात मात्र टेबलाची कड सोडत नव्हते.

कारखान्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर चांगली होती. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वय झालं की व्हायचंच. "वय काय एकट्या पायांचंच झालं?" हे उत्तर तिला तिथे सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी अंधारात सुचलं, आणि सगळ्यांना सांगून तिने हशा मिळवला. गोळ्या संपल्या, कापूस तसाच राहिला. तेव्हा ती मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथे नसांची डॉक्टर तरुण बाई होती. तिने जपूनताईला पलंगावर निजवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू तिच्या अंगठ्यावर टेकवली.

"थरथर जाणवली की सांगा."

जपूनताई वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सुरू कधी करणार?"

डॉक्टरने ती वस्तू घोट्याला लावली, मग नडगीला, मग गुडघ्याला. गुडघ्याशी एक बारीक गुणगुण हाडात शिरली आणि जपूनताईला कळलं की ती मघापासून वाजतच होती.

मग तिला पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक. "आता मिटा." मिटल्याबरोबर ती एका बाजूला कलंडली आणि डॉक्टरने तिला मिठीत धरून सावरलं. कितीतरी वर्षांत कुणी तिला असं धरलं नव्हतं. ती ओशाळून म्हणाली, "माफ करा हं."

रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यांचे निकाल यायला वेळ लागला. मधल्या काळात एकदा निरोप आला, अजून तपासण्या कराव्या लागतील. तेवढंच. ते वाक्य तिने घरी नेलं आणि त्याच्यासोबत राहिली. शेवटी डॉक्टरने तिला समोर बसवून समजावलं.

"रक्तात काही पेशी असतात, रोगांशी लढायला प्रथिनं बनवणाऱ्या. जसा रोग तसं प्रथिन. तुमच्यातल्या एका पेशीच्या पिलावळीने एकाच प्रथिनाचा सपाटा लावलाय. कुणी मागितलं नाही, कशाला लागत नाही, तरी."

"आणि ते पायात साठतं?"

"साठत नाही. नसांवर वेष्टन असतं ना, वायरीवर असतं तसं, त्याला जाऊन चिकटतं, आणि वेष्टन खराब होत जातं. पायांच्या नसा सर्वांत लांब, म्हणून आधी पाय. मग बोटं."

"कॅन्सर म्हणायचा का हा?"

"नाही. पण लक्ष ठेवायला हवं, मधूनमधून रक्त तपासत राहायचं. त्रास वाढला तर सलाईनमधून द्यायचं एक औषध आहे. काहींना गुण येतो, काहींना नाही. गेलेली जाणीव पुरी परत येईल असं मी म्हणणार नाही." डॉक्टरने लिहायचं थांबवून वर पाहिलं. "तुम्ही आता पायांनी चालत नाही आहात, डोळ्यांनी चालताय. तेव्हा घरात दिवा ठेवा. उभं राहून डोळे मिटू नका. आणि अंधारात अजिबात वावरू नका. काम काय करता?"

"पाकिटं भरते," जपूनताई म्हणाली.

खोटं नव्हतं.

रविवारी भावाने विचारलं, "बाकी?" तिने सांगायला तोंड उघडलं. पण रक्त, प्रथिन, वेष्टन, कुठून सुरुवात करावी? तिकडे मागे वहिनी कुणाला तरी हाका मारत होती. "बाकी काही नाही," ती म्हणाली.

कारखान्यात सांगितलं असतं तर काय झालं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी घरी बसवलं नसतं. वरच्या मजल्यावर खोक्यांचं खातं होतं, मोठ्या खिडक्यांचं, पांढऱ्या दिव्यांचं. तिथे खुर्चीवर बसून खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. पगार तोच. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाईचं नशीब उघडलं. पण तिथे सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत. तिथे गेलं की आपण सोमवारीसुद्धा बोलणार नाही, मंगळवारीही नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पाय गेले ते गेले. जीभ तिला द्यायची नव्हती.

डॉक्टरच्या सांगण्यावरून ती रात्रीसाठी दिवा घ्यायला विजेच्या दुकानात गेली, आणि तिथे गल्ल्याजवळ तिला त्या दिसल्या: चिकटवायच्या चांदण्या. दिवसा उजेड पितात, रात्री हिरव्या चमकतात. मुलांच्या खोलीत छताला लावतात.

"नातवंडांना का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," ती म्हणाली. आणि वर, "दोघं आहेत," असंही म्हणाली.

घरी येऊन तिने एका चांदणीचं टोक कात्रीने कापलं. मुगाएवढं. दुसऱ्या दिवशी ते हातरुमालात गुंडाळून आत नेलं आणि ज्या फळीवर गठ्ठे ठेवायचे तिच्या वर जो लाकडी काठ होता, त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं. बाहेरून यायच्या वाटेवरून ते दिसायचं नाही. टेबलाकडून वळलं की मात्र समोर, काळोखात, एक हिरवा कण.

तेवढं पुरे झालं. एक कण स्थिर आहे म्हटल्यावर बाकीचं जग आपोआप त्याच्याभोवती सरळ उभं राहिलं. ती कणाकडे बघत चार पावलं टाकायची, गठ्ठा ठेवायची, परत फिरताना हात मागे ठेवून टेबल चाचपायची. झोकांड्या थांबल्या. काळोखात कण विझत जाई, म्हणून रोज ती जेवणाच्या सुट्टीत सर्वांच्या मागे रेंगाळून तुकडा बदलायची.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्या कुणाला तो दिसला नाही का? तर अंधारखात्याची एक गंमत असते. तिथे सगळ्यांनाच काही ना काही दिसतं. डोळ्यांना काम नसलं की ते स्वतःच उद्योग करतात, ठिणग्या, जाळी, रंगीत ठिपके. नवं माणूस पहिल्या आठवड्यात ओरडतंच, "तिकडे उजेड आहे!" आणि बाकीचे त्याची टर उडवतात, "भूत दिसलं का रे? आमचा नमस्कार सांग त्याला." मग ते माणूस शिकतं की इथे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, आणि दिसलेलं बोलायचं तर मुळीच नसतं. हे जपूनताईला माहीत होतं. तिचा सगळा डाव त्यावरच होता.

ते दिवस तिचे चांगले गेले. तिने खोकलेभाऊंच्या खोट्या खोकल्याची नक्कल केली आणि खुद्द खोकलेभाऊ खरं खरं खोकेपर्यंत हसले. शिट्टी म्हणाली, "ताई, तुम्ही नसता तर मी कधीच ही नोकरी सोडली असती." अंधारात असली वाक्यं सहज बोलली जातात. जपूनताईने ते घरी नेलं, आणि दवाखान्याच्या त्या 'अजून तपासण्या'च्या वाक्याशेजारी ठेवून दिलं.

चूक तिच्या लक्षात यायला हवी होती. इतकी वर्षं तिने तेच काम केलं होतं. फिल्मला उजेडाचा कण चालत नाही, हे तिने किती तरी नव्या पोरींना दरडावून शिकवलं होतं. पण मुगाएवढा उजेड काय करणार, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि आपणच सांगितलेलं आपल्याला लवकर पटतं.

एका दुपारी तपासनिसाने सगळ्यांना बाहेर बोलावलं. उंच, वाकलेला माणूस. बोलताना चष्मा काढायचा आणि पुन्हा लावायचा. त्याने दिव्याच्या काचेवर एक फिल्म लावली. कोपऱ्याजवळ एक राखट डाग होता, अंगठा पुसल्यासारखा.

"दर गठ्ठ्यातली सगळ्यात वरची फिल्म," तो म्हणाला. "बाकीच्या स्वच्छ. यंत्र पाहिलं, दारं पाहिली, पडदे पाहिले. कुठून उजेड येतोय ते काही सापडत नाही. नशीब, कोपऱ्यात आहे. जरा आत असता तर कुणाच्या तरी छातीत सापडला असता."

"म्हणजे?" शिट्टीने विचारलं.

"म्हणजे डॉक्टर म्हणाला असता, फुप्फुसावर डाग दिसतोय. अजून तपासण्या कराव्या लागतील."

सगळे त्या डागाकडे बघत होते. जपूनताई खाली बघत होती. तिला एक माणूस दिसला, बाई की पुरुष ते कळेना, ते वाक्य घेऊन जिना चढणारा. घरात शिरून खुर्चीवर बसणारा. कुणाला फोन करावा याचा विचार करणारा.

तिला तिथेच बोलायचं होतं. तिने घसाही खाकरला. पण दहा तोंडं होती, वीस डोळे, आणि तो पांढरा उजेड. वाक्य मोडलं. तपासनिसाने चष्मा लावला, फिल्म काढून घेतली, आणि सगळे पुन्हा आत गेले.

आत काळोख झाला. चाव्या वाजल्या. टेबलांवर काम सुरू झालं. तेव्हा ती म्हणाली, "मुकादम, तो डाग माझा आहे."

"काय म्हणता?"

"फळीवर मी चांदणीचा तुकडा लावलाय. चमकणारा. मला अंधारात उभं राहता येत नाही." आणि मग, तोंड दिसत नाही म्हणून, तिने सगळं सांगितलं. साबण, भिंत, डॉक्टरची ती वाजणारी वस्तू, रक्तातलं ते कुणी न मागितलेलं प्रथिन. न अडखळता. सांगताना तिला जाणवलं की आपण ही गोष्ट चांगली सांगतोय, कुठे थांबायचं ते आपल्याला कळतंय, आणि त्याची तिला लाज वाटली.

टेबलांवर सरकणारी पाकिटं थांबली. मग शिट्टीचा आवाज आला, "मला दिसत होता तो. इतके दिवस. मला वाटलं, माझे डोळे गेले. मी चष्मेवाल्याकडे जाऊन आले, ताई."

"मलाही," खोकलेभाऊ म्हणाले. "मी देवाचं नाव घेत होतो."

कुणी तरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

"एवढी वर्षं इथे काढून," एका कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं. वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

"काढा तो आधी," मुकादम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण 'ताई'ही नव्हतं.

ती वळली. कण समोर होता. त्याच्याकडे बघत ती चार पावलं चालली, नीट, आणि हात वर करून नखाने तो खरवडला. बोटांनाही आता पूर्वीसारखं कळत नव्हतं. तिसऱ्या खेपेला निघाला. मुकादमांनी चाव्या वाजवत येऊन तिच्या हातातून तो घेतला आणि डबीत टाकून झाकण लावलं.

"तुम्ही बाहेर थांबा. साहेबांकडे जावं लागेल. या गठ्ठ्याचं उरकतो आणि येतो मागोमाग."

म्हणजे दारापर्यंत जायचं होतं. दोन टेबलं ओलांडून, एक वळण घेऊन पडदा. ही वाट तिने डोळे मिटूनच आयुष्यभर केली होती. तिने फळी सोडली. एक पाऊल टाकलं. ते जमिनीवर पडलं की हवेत, ते तिला सांगायला कोणीच नव्हतं. काळोख सगळीकडून सारखाच होता आणि तो हळूच एका बाजूला कलू लागला.

तेवढ्यात तिच्या दंडाला कुणी तरी धरलं.

कोपराच्या वर, जिथे तिला अजून सगळं नीट कळत होतं. घट्ट पकड. तिला उभी करून ती पकड थांबली, मग हलकेच पुढे ओढू लागली.

"कोण?" तिने विचारलं.

उत्तर आलं नाही. शीळ नाही, खोकला नाही, चावी नाही. त्या खात्यात आवाज न करता कुणी चालत नसे. तिने अंदाज बांधायचा प्रयत्न केला. तळवा कोरडा होता, बोटं लांब असावीत. पण इतक्या वर्षांत तिने या माणसांचे आवाज ऐकले होते, श्वास ऐकले होते, रडणं ऐकलं होतं; हात कुणाचाच धरला नव्हता. हा मायेने धरतोय की एकदाची बाहेर नेऊन सोडतोय, तेही त्या पकडीवरून कळेना.

"कोण आहे, सांग तरी," ती हळू म्हणाली.

वळण आलं. पडद्याचं जाड कापड तिच्या तोंडाला लागलं, आणि हात सुटला. ती तिथेच उभी राहिली, पडदा मुठीत धरून. कुणी तरी तिच्यापासून परत मागे चालत गेलं असणार, पण पावलं ऐकू आली नाहीत. थोड्या वेळाने आत पाकिटं सरकवल्याचा आवाज सुरू झाला, आधी एका टेबलावर, मग सगळ्या.

तिने पडदा बाजूला केला. पांढरा उजेड डोळ्यांत घुसला. चौकट धरून ती थांबली, नजर बसेपर्यंत. समोर लांब बोळ होता, करड्या फरशीचा, आणि बोळाच्या टोकाला साहेबांची खोली. मग खाली मान घालून, आपल्याच पावलांकडे बघत, एकेक पाऊल डोळ्यांनी उचलून ठेवत ती निघाली.